आठव्या वर्गात पहिला

खुशालरावांना कॉम्प्युटर पहिल्यांदा दिसला तो काचेतून. सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात ते मुंबईला एका गिरणीवाल्या स्नेह्याकडे गेले होते. त्यानं त्यांना जोडे काढायला लावले आणि एका थंडगार खोलीच्या काचेसमोर उभं केलं. आत चार लोखंडी कपाटं होती आणि पांढऱ्या कोटातली दोन माणसं होती. कपाटं काहीच करत नव्हती आणि माणसं त्यांच्याकडे आदबीनं पाहत उभी होती. अकोल्याच्या पेढीत स्वतःबद्दल खुशालरावांची नेमकी हीच अपेक्षा असे, आणि ती क्वचितच पुरी होई. त्यामुळं त्यांना ते मशीन एकदम घरचं वाटलं.

"इथून पुढं मागण्या मशीनच्या हाती," परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं. "मानसाचा हात लागाचं काम नाही."

मशीन अकोल्याला येणार नव्हतंच. गिरणीच्या मशीनला आठवड्यातून दोन तास काम नसे. ते दोन तास खुशालरावांनी भाड्यानं घेतले होते. अकोल्यात फक्त जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडायचं यंत्र येणार होतं. दर शनिवारी भोकं पाडलेली कार्डं मेलनं मुंबईला जाणार, आणि कोणाला कधी इंजिन द्यायचं याची छापील यादी बुधवारी परत येणार.

पेढीचं नाव विदर्भ शेतीसाधन मंडळी. ऑईल इंजिन, पंप, लोखंडी नांगर. मुख्य दुकान अकोल्याला, शाखा अमरावतीला राजापेठेत. त्या काळी इंजिन विकत नसत, देत असत. कारखान्याकडून महिन्याला दहा इंजिनं येत आणि मागण्या साठ पडून असत, त्यामुळं पैसे खिशात असलेला माणूससुद्धा दुकानात याचकासारखा उभा राही. हे उभं राहणं कोणाच्या वाट्याला किती यायचं, ते हेडक्लार्क नत्थुजी ठरवत. म्हणजे ठरवत नसत; त्यांच्या हातून ते होई. त्यांच्या पाठीमागं भिंतीला आठ खणांची लाकडी मांडणी होती. खणांवर ना नाव, ना आकडा. सकाळी टपाल आलं की नत्थुजी पान चघळत पोस्टकार्डं वाटत. हे पहिल्यात, हे पाचव्यात, हे पुन्हा पहिल्यात. चौकट, बदाम, इस्पिक वेगळं करावं इतक्या सहज. कार्ड पूर्ण वाचायचीही गरज नसे. गावाचं नाव आणि आडनाव पुरे. इंजिनं आली की पहिल्या खणापासून वाटप सुरू होई. आठव्या खणापर्यंत इंजिन पोचल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

या पेढीत देवमन तायडे मागण्यांचा कारकून होता. वय चौतीस, शिक्षण इंटरपर्यंत, अक्षर सुबक. आलेलं प्रत्येक कार्ड तो बुकात तारखेनिशी उतरवी आणि मग नत्थुजींपुढं ठेवी. चहाचे कप भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. सगळ्यांचे एका ओळीत, देवमनचा जरा अलीकडे, खिडकीजवळ. तसं कोणी ठरवलेलं नव्हतं. देवमनच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, ती सगळी हकीकत नत्थुजींनी एकदा आस्थेनं ऐकून घेतली होती. "चांगलं केलं बाबू," असंही म्हणाले होते. खिळा होता तिथंच राहिला.

आठव्या खणात एक कार्ड देवमनच्याच अक्षरातलं होतं. बार्शीटाकळीच्या पुढं त्याचं गाव, पिंपळखुटा. तिथल्या अकरा बौद्ध घरांना मिळून सरकारनं पासष्टच्या मार्चमध्ये चाळीस एकर पडीक जमीन दिली होती. देणाऱ्या कागदात एक अट होती: तीन वर्षांत जमीन ओलिताखाली आली पाहिजे, नाहीतर परत. अकरा घरांनी सामुदायिक शेती संस्था काढली आणि विहीर खोदली. बत्तीस फुटांवर काळा खडक फुटून पाणी लागलं तेव्हा म्हाताऱ्यांनी त्यात लुगड्या-धोतरांनिशी पाय बुडवून घेतले. संस्थेचे अध्यक्ष देवमनचे वडील मोतीराम. त्यांनी सांगितलं आणि देवमननं लिहिलं: पाच घोड्यांचं एक इंजिन, पंपासह. तारीख १२ एप्रिल १९६६. आता सदुसष्टचा जून चालू होता, म्हणजे मार्चला नऊ महिने उरले होते.

देवमननं गेल्या चार महिन्यांत दोनदा एक गोष्ट केली होती. नत्थुजी जेवायला गेले असताना आठव्या खणातलं एक कार्ड उचलून पाचव्यात सरकवलं होतं. एकदा परतवाड्याजवळच्या मैनाबाईचं; नवरा वारलेला, संत्र्याची झाडं वाळायला लागलेली. एकदा पातूरकडच्या पुंजाजीचं. दोघांना इंजिनं मिळाली. दोघांनाही वाटलं, की पेढी चांगली आहे. तिसरं कार्ड पिंपळखुट्याचं असणार होतं, पण ते स्वतःच्या गावचं, म्हणून देवमन जरा जपून होता. दिवाळीपर्यंत थांबू, असं त्यानं ठरवलं होतं. तेवढ्यात मशीनची वार्ता आली.

जुलैत मुंबईहून मिस्टर हट्टंगडी आले. पंचविशीतले, चष्मा, टेरिलिनचा शर्ट, बोलणं गोड. मशीनला पेढीचं काम कसं सांगायचं, ते आखणं हा त्यांचा धंदा. आल्याबरोबर त्यांनी खिडकीजवळचा कप काढून त्यातून पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी नवा कप आला आणि तो मोठ्या ओळीत टांगला गेला. हट्टंगडींनी नत्थुजींचे मनापासून आभार मानले.

मग त्यांनी बाकावर मोठा कागद पसरला आणि पट्टीनं चौकोन काढायला सुरुवात केली. मधेमधे चौकोन तिरका, शंकरपाळ्यासारखा.

"चौकोनात काम," ते म्हणाले. "शंकरपाळ्यात प्रश्न. मशीनला फक्त हो किंवा नाही कळतं. तिसरं उत्तर चालत नाही."

"लय कडक आहे हो," नत्थुजी म्हणाले.

"आता हा महत्त्वाचा. इंजिन एक, मागण्या दोन. कोणाला द्यायचं?"

खुशालराव गादीवर लोडाला टेकून बसले होते. प्रश्न ऐकून ते सावरून बसले. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली जो आवाज लावत, तो त्यांनी लावला. "ज्याची मागणी आधी, त्याले आधी. आपल्या पेढीत दुसरा कायदा नाही."

"म्हणजे तारखेनं."

"तारखेनं."

हट्टंगडींनी शंकरपाळ्यात 'तारीख' असं लिहिलं. देवमन शाईची दौत भरत होता, ती भरून वाहिली.

रविवारी तो पिंपळखुट्याला गेला. मोतीराम विहिरीच्या काठावर बसून बाभळीच्या काट्यानं पायातला काटा काढत होते.

"बाबा, आपला नंबर चौथा," देवमन म्हणाला. "तारखेनं लावलं त चौथा. मी बुक पाह्यलं."

"कोन लावून राहिलं तारखेनं?"

"मशीन."

"तिले आडनाव समजत नाही?"

"नाही."

"गाव?"

"गाव समजते, पन त्याचं काही वाटत नाही तिले."

मोतीरामांनी काटा काढून पाहिला आणि विहिरीपासून लांब फेकला. "मंग चांगली आहे. पन लेका, मशीन येईन तवा येईन. तू मैनाबाईचं कार्ड सरकवलं, पुंजाजीचं सरकवलं. आपलंबी उद्याच सरकवून दे ना."

"आता गरज नाही त्याची."

"गरज नाही म्हनतो?"

"बाबा, आपल्याले हक्कानं भेटून राहिलं त चोरून कावून घ्यावं?"

पोरगा इंटरपर्यंत शिकलेला होता आणि 'हक्क' हा शब्द त्यांनीच त्याला लहानपणी शिकवला होता, त्यामुळं त्यांची पंचाईत झाली.

ऑगस्टात हट्टंगडींनी चाचणी घ्यायचं ठरवलं. मागच्या सहा महिन्यांत दिलेली साठ इंजिनं घ्यायची, त्या वेळच्या सगळ्या मागण्या कार्डांवर उतरवायच्या, मशीनला यादी करायला सांगायची आणि खऱ्या वाटपाशी ताडून पाहायची. जुळली की काम पक्कं. देवमननं तीन आठवडे भोकं पाडली. कार्डं गेली, यादी आली. साठांपैकी सात जुळली.

हट्टंगडी ती यादी घेऊन सरळ देवमनकडे आले. "तायडे, तुमच्या तारखा चुकल्यात."

नऊ वर्षांत देवमनच्या बुकात खाडाखोड झाली नव्हती. "तारखा चुकल्या नाहीत साहेब."

"मग त्रेपन्न इंजिनं भलत्यांनाच कशी गेली? हे पाहा. जानेवारीची मागणी, फेब्रुवारीत माल. आणि ही त्याच्या आदल्या वर्षीची, अजून पडून आहे. मशीन चुकत नाही, तारखा बरोबर आहेत, तर मग तुमच्याकडे आणखी एखादा नियम आहे. तो मला कोणी सांगितलेला नाही."

हे त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं. नत्थुजींनी पान दुसऱ्या गालात घेतलं.

"नियम कायचा," खुशालराव गादीवरून म्हणाले. "धंद्यात पाहावं लागते थोडं."

"काय पाहावं लागतं?"

"मानूस पाहावं लागते."

"माणसाचं काय?"

खुशालरावांनी नत्थुजींकडे पाहिलं, नत्थुजींनी छताकडे. "आता काय सांगावं तुमाले," खुशालराव म्हणाले, "सारं. एकून सारं."

"मग त्यासाठी रकाना लागेल," हट्टंगडी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता की टोमणा. कार्डावर ऐंशी रकाने होते आणि बावीस अजून रिकामे होते. "एक आकडा पुरेल. ग्राहकाचा वर्ग. एक ते नऊ. फक्त कोणता ग्राहक कोणत्या वर्गात, ते मला लिहून द्या."

लिहायचं काम नत्थुजींकडे गेलं. दोन दिवस ते कोऱ्या कागदापुढं बसले. त्यांनी वर 'श्री' काढला, खाली दोन रेघा मारल्या आणि तिथं थांबले. तिसऱ्या दिवशी ते खुशालरावांना म्हणाले, "मालक, हाताले मालूम आहे. मले नाही मालूम. कार्ड द्या, आता टाकून दाखवतो. लिहाचं म्हटलं की डोकं सुन्न होते."

"मंग कोनाले मालूम आहे?"

सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. जेवणाच्या पंगतीत वाढप कुठून सुरू होतं, हे शेवटी बसलेल्या माणसाइतकं कोणीच नीट पाहिलेलं नसतं.

देवमननं ते काम आनंदानं घेतलं. आनंद त्यानं दाखवला नाही, पण घरी आल्यावर इंदूबाईला सांगितलं. "सारं लिहतो. जसं आहे तसं. एक अक्षर गाळत नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं मालकासमोर ठेवतो. वाचवनार नाही त्याईले."

"अन् वाचलं त?" इंदूबाई चुलीवरची भाकर उलटत म्हणाली.

"आपल्याच तोंडानं वाचल्यावर मानूस शरमत नाही का? मुंबईचा साहेब बाजूले बसला असन. म्हनतील, फाडून टाक, तारखेनं लाव. दुसरं काय म्हनतील?"

"मले काय माईत. मी कोनाच्या दुकानात कवा बसली?"

चार दिवस लागले. देवमननं सगळी जुनी बुकं काढली, प्रत्येक इंजिन कोणाला गेलं ते पाहिलं आणि का गेलं ते लिहिलं. त्यानं असं काम आयुष्यात केलं नव्हतं. काही काही ठिकाणी तो स्वतःच्या बारकाईवर खूश होऊन क्षणभर काय लिहितो आहे ते विसरलाही.

पहिला वर्ग मालकांचे सोयरे. त्यात पोटनियम: जिथं आपली मुलगी दिली ते घर आधी, जिथून सून आणली ते नंतर. दुसरा वर्ग, ज्यांना पोचवायला मालक दारापर्यंत जातात. तिसरा, स्वतःच्या जीपनं येणारे. चौथ्यात पुढाऱ्याची चिठ्ठी आणणारे, मात्र पुढारी चालू असला पाहिजे. निवडणूक हरलेल्याची चिठ्ठी सहाव्यात. पाचवा, दुकानात येऊन खुर्चीवर बसणारे. सहावा, येऊन बाकावर बसणारे. सातवा, नुसतं पोस्टकार्ड पाठवणारे. आठव्या वर्गाशी तो थोडा थांबला. मग सरळ लिहिलं: नवबौद्ध व इतर मागास वस्त्यांतले ग्राहक, पोस्टकार्ड पाठवोत की येऊन बसोत, तसेच स्वतःच्या नावावर मागणी करणाऱ्या विधवा. प्रत्येक वर्गात आतल्या आत तारखेप्रमाणे.

हट्टंगडींनी तो कागद पाहिला, भुवया वर केल्या, पण म्हणाले एवढंच, "फार स्वच्छ लिहिलंय." पुन्हा कार्डं गेली, यादी आली. या वेळी ती सगळ्यांसमोर उघडायची, असं खुशालरावांनी फर्मावलं. अमरावतीच्या शाखेचे जानरावही त्यासाठी आले होते.

आधी कागद वाचायचा होता. चष्मा सापडत नव्हता म्हणून खुशालरावांनी तो देवमनलाच वाचायला दिला. देवमन उभा राहिला आणि वाचू लागला. आवाज एकसारखा ठेवायचा, असं त्यानं ठरवलं होतं, आणि तो राहिला. पहिला वर्ग झाला. पोटनियमाशी जानराव खुदकन हसले. दुसरा झाला. चौथ्याशी खुशालरावांनी मांडीवर थाप मारली.

"हरलेला पुढारी सहाव्यात! वा रे वा. नत्थुजी, बरोबर आहे का नाही?"

"एकदम बरोबर," नत्थुजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तीस वर्षं आपण काय करत होतो, ते त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. त्यात एवढी शिस्त असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

देवमननं आठवा वर्ग वाचला. सावकाश वाचला. 'नवबौद्ध' म्हणून थोडा थांबला, वर पाहिलं आणि मग पुढचं वाक्य पुरं केलं.

खुशालराव मान हलवत होते. गाणं ऐकताना हलवावी तशी. "काही सोडलं नाही पठ्ठ्यानं," ते जानरावांना म्हणाले. "पाहा, मी तुमाले सांगत होतो ना? हुशार आहे. आमच्या पेढीत जातपात पाहात नाही आमी, हुशारी पाहतो."

"दिसूनच राहिलं," जानराव म्हणाले.

देवमन कागद हातात धरून तसाच उभा राहिला. आणखी काही व्हायचं आहे असं त्याला वाटत होतं. पुढचं झालं ते असं, की हट्टंगडींनी यादीचा गठ्ठा सोडला.

"अभिनंदन. साठांपैकी अठ्ठावन्न जुळली. इतकं मी मुंबईतसुद्धा पाहिलेलं नाही. फक्त ही दोन तेवढी बसत नाहीत." त्यांनी बोट ठेवलं. "परतवाडा, मैनाबाई. पातूर, पुंजाजी. दोघंही वर्ग आठ, आणि माल मिळालेला. हा नियम राहिला का तायडे? यांच्यासाठी आणखी एक शंकरपाळं लागेल का?"

नत्थुजींनी हळूच मान वळवून खणांकडे पाहिलं. मग देवमनकडे. ते काही मूर्ख नव्हते.

देवमनला त्या क्षणी खूप काही बोलता आलं असतं. पण मागं घर होतं, इंदूबाई होती, आणि आठव्या खणात एक कार्ड होतं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "त्या चुका आहेत."

"कारकुनी चूक?"

"हो."

"मग उत्तमच. चुका होऊ नयेत म्हणूनच तर हे सगळं." हट्टंगडींनी त्या दोन नावांवर बारीक फुल्या मारल्या. आणि चुका टाळायच्या म्हणून जाता जाता एक व्यवस्था करून दिली. वर्गाचा आकडा नत्थुजी लाल पेन्सिलीनं पोस्टकार्डावर घालणार. देवमन अकोल्यात कार्ड पंच करणार. तीच मागणी राजापेठेतला कारकून दुसऱ्यांदा पंच करणार. दोन्ही जुळली तरच मशीन घेणार, नाहीतर कार्ड बाहेर.

नोव्हेंबरात काम सुरू झालं. भिंतीवरची खणांची मांडणी काढून गोदामात नेली. देवमनला 'मशीन विभाग' अशी पाटी मिळाली, फिरती खुर्ची मिळाली. बुधवारी मुंबईहून लांबच लांब घडीचा कागद येई, दोन्ही काठांना भोकं पाडलेला. त्यात पिंपळखुट्याची संस्था असे, वर्ग आठ, क्रमांक एक. तिच्यावर कधी एकेचाळीस नावं, कधी सत्तेचाळीस. इंजिनं येत, वरची दहा नावं जात, आणि महिन्याभरात वर नवी बारा येत. एखाद्या सोयऱ्यानं मंगळवारी कार्ड टाकलं तरी तो पुढच्या बुधवारी वीस महिने थांबलेल्या संस्थेच्या डोक्यावर बसलेला असे. पूर्वी हेच होत होतं. पण पूर्वी नत्थुजी जेवायला जात.

जानेवारीत देवमननं एकदा करून पाहिलं. संस्थेचं कार्ड नव्यानं पंच करताना आठाच्या जागी पाच दाबला. कार्ड अमरावतीच्या कार्डाशी जुळलं नाही. सोबत एक छापील चिठ्ठी घेऊन परत आलं. चिठ्ठी नत्थुजींच्या हातात पडली. त्यांनी ती देवमनच्या टेबलावर ठेवली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "चूक झाली वाटते बाबू. तिसरी आहे. मी मालकाले नाही सांगत." आणि खरंच त्यांनी सांगितलं नाही. तो चांगुलपणा देवमनला फार जड गेला.

देवमननं एकदा खुशालरावांनाही तोंडानं विचारलं. मार्चच्या अटीचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आरं, आधी सांगतलं असतं त नत्थुजीले म्हटलं असतं, टाक वर," ते कळवळून म्हणाले. "आता माह्या हातात काय आहे? मशीन आहे. मी सोताच सांगतलं ना, मानसाचा हात लागाचं काम नाही म्हनून. अन् तुह्याच हातचा कायदा आहे तो. तुले त समजाले पाह्यजे."

मार्चच्या अठ्ठावीस तारखेला जमिनीची पाहणी करायला साहेब आले. तो शनिवार नव्हता, गुरुवार होता, पण वर्षअखेरीची कार्डं निघायची होती म्हणून देवमनला रजा मिळाली नाही. पिंपळखुट्यात अकरा घरांतले पुरुष सकाळपासून दोराला लागले होते. बैल नव्हते, म्हणून मोट स्वतः ओढत होते. एक वाफा भिजला होता. त्यात गहू नव्हता, भाजी नव्हती; नुसता भिजवून ठेवला होता, साहेबांना दाखवायला. साहेब भला माणूस होता. त्यानं विहिरीत वाकून पाहिलं, पाणी गोड आहे का विचारलं, थोडं प्यायलंसुद्धा. मग त्यानं छापील कागद काढला. त्यात 'ओलिताचं साधन' असं लिहून पुढं दोन शब्द होते, आहे आणि नाही. चाळीस एकरांतल्या एका वाफ्यासाठी त्यात जागा नव्हती. त्यानं एक शब्द खोडला आणि निघताना अध्यक्षांना नमस्कार केला.

एप्रिलच्या शेवटी मोतीराम अकोल्याला आले. दुकानात ते आजवर कधी आले नव्हते. आताही आत आले नाहीत. बाहेर पायरीवर बसले. देवमन उठून बाहेर आला आणि शेजारी टेकला. रस्त्यावर सरकीच्या पोत्यांची बैलगाडी अडून उभी होती आणि मागचा ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

"गेली," मोतीराम म्हणाले. "कागद आला काल."

"पुरी?"

"विहिरीसकट."

ट्रकचा भोंगा एकदाचा थांबला.

"आपला नंबर कितवा होता शेवटी?"

"आठव्या वर्गात पहिला."

"शाळेतबी पयलाच येत जाय तू," मोतीराम म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मशीनले आडनाव समजत नाही म्हनत होता. मंग तिले कोनं सांगतलं हे? खुशालरावानं?"

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यात खोटंही फारसं नव्हतं.

"मी लिहून देलं, बाबा," देवमन म्हणाला. "मले वाटलं, वाचल्यावर त्याईले शरम येईन."

मोतीरामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते गाडीच्या बैलांकडे पाहत होते. "सारं बरोबर लिहलं होतं?"

"हो."

"काही चुकलं नाही?"

"काहीच नाही."

"तिथंच फसला लेका. चुकीचं लिहाचं होतं. दोन बाता जास्तीच्या घालाच्या होत्या, मंग ते भांडले असते तुह्यासंगं. असं नाही आमचं, असं नाही म्हनले असते. आता बरोबर लिहल्यावर कोन भांडते?" ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "बरं, आता नाव त काढून टाक आपलं. जमीन नाही, इंजिन घेऊन काय त्यात दळाचं आहे?"

देवमन पायरीवरच बसून राहिला.

"का झालं?"

"नाव काढाची सोय नाही त्यात."

"कावून?"

"आजवर कोनी आपून होऊन मागनी काढली नव्हती. म्हनून इचारलंच नाही कोनी. इंजिन भेटलं तरच नाव जाते."

मोतीरामांनी डोक्याचं फडकं झटकलं आणि पुन्हा बांधलं. बार्शीटाकळीची बस चारला होती. देवमन चहा घ्या म्हणाला, ते नको म्हणाले. देवमन बसपर्यंत येतो म्हणाला, ते म्हणाले, काम कर तुह्यं.

आत टेबलावर त्या आठवड्याची यादी अर्धी उघडी पडली होती. देवमननं ती शेवटपर्यंत ओढून पाहिली. वर त्रेपन्न नावं. मग वर्ग आठ, क्रमांक एक, पिंपळखुटा. आणि तिच्या खाली, तिचं झाल्यावरच ज्यांचं होणार होतं ते, चौदा जण. त्यांतल्या दोघांच्या मागण्या या महिन्यातल्या होत्या. दोन्ही कार्डं देवमननंच पंच केली होती.